फोर्ज्ड पिस्टनची कवचकुंडलं

जुनी एस्टीम किंवा होंडा सिटी व्हीटेक घ्यायची, इंजिन खोलायचं आणि टर्बो बसवायचा, असा बेत घेऊन एखादा पोरगा छत्रपती संभाजीनगरातल्या बऱ्यापैकी नाव असलेल्या गॅरेजात गेला, की त्याला काय ऐकायला मिळणार हे मला आता पाठ झालं आहे. ‘कंपनीचे पिस्टन टर्बोत टिकत नाहीत, फोर्ज्ड मागव. बेअरिंगं रेसिंगची घे, ट्राय-मेटल. क्लिअरन्स जरा ढिला ठेवू, टर्बोला तेल जास्त लागतं. कॉम्प्रेशन आठावर आणू. मग बूस्ट पाहिजे तेवढा दे, इंजिनाला काही होत नाही.’ पोरगा अमेरिकेहून पिस्टन मागवतो, बापाला किंमत निम्मी सांगतो, आणि वर्ष सरायच्या आत इंजिन पुन्हा टेबलावर येतं. तेव्हा दोष पेट्रोलचा निघतो, ट्यूनिंगवाल्याचा निघतो, नशिबाचाही निघतो. सल्ल्याचा मात्र निघत नाही.

सल्ला देणारी माणसं अडाणी आहेत असं मी म्हणणार नाही. वरच्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली अरुंद पट्टी तुकडा होऊन निघालेले ओतीव पिस्टन त्यांनी हातात धरलेले आहेत. त्यावरून त्यांनी ताडलं, की ओतीव पिस्टन कच्चा. पण तो कशानं तुटला? टर्बोच्या दाबानं, हे उत्तर पुरत नाही. कारखान्यातून टर्बोसकट बाहेर पडणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत आज ओतीवच पिस्टन असतात आणि त्या लाखभर किलोमीटर सहज काढतात. पुराव्यासाठी लांब जायलाही नको. जालना रोडला शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. टर्बो म्हटलं की लोकांना फक्त डिझेल आठवायचं त्या काळात, २००४ मध्ये, ऑक्टाव्हिया आरएस आली: १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, पेट्रोल टर्बो. तिचं कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास होतं, आठ नव्हतं. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचा फवारा मारणाऱ्या नळ्या तिच्या ब्लॉकमध्ये होत्या. आणि या इंजिनाचा बूस्ट वाढवत नेणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांना त्यातला पहिला कच्चा दुवा सापडला तो कनेक्टिंग रॉड. पिस्टनवर पैसे ओतून बसलेल्यांचे रॉड वाकले.

पिस्टनची पट्टी तोडतो तो बहुतेक वेळा नॉक. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते; ती पोचायच्या आत कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपसूक पेटलं, की दाबाच्या लाटा पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगांच्या खाचांत आदळतात. घडीव, म्हणजे फोर्ज्ड, पिस्टन हा मार जास्त वेळ सोसतो, हे खरं आहे. पण पिस्टननं सोसलेला मार कुठे नाहीसा होत नाही. तो पिनेतून रॉडमध्ये, रॉडमधून बेअरिंगच्या वरच्या शेलवर जातो. हेडगॅस्केटलाही त्याचा वाटा मिळतोच. ज्याला कवचकुंडलं समजून अंगावर चढवलं त्यानं फक्त पिस्टन झाकला. नॉक बंद करतात ते इंधन, इग्निशनचं टायमिंग आणि इंटरकूलर.

इंधनाचं तर अलीकडे सगळं गणितच बदललं आहे. आपल्या पंपावर वर्षानुवर्षं साधं पेट्रोल म्हणजे ९१ ऑक्टेन होतं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं आणि त्याच्या मानकात किमान ९५ ऑक्टेन धरलेला आहे. इथेनॉल बाष्प होताना उष्णता खेचून घेतं, म्हणून नॉक मागे हटतो. टर्बोवाल्यांनी खरं तर पेढे वाटायला हवेत. पण त्याच इथेनॉलमुळे इंधन जास्त लागतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. हलक्या पायानं चालवताना ऑक्सिजन सेन्सर फरक भरून काढतो. पूर्ण बूस्टमध्ये इसीयू बहुधा त्याचं ऐकत नाही, लिहून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर ट्यून केलेली गाडी नेमकी भाराखाली सात-आठ टक्के लीन धावते. तिथे सिलिंडरमधली उष्णता बेसुमार वाढली, तर पिस्टन ओतीव की घडीव हे अॅल्युमिनियमला वितळताना कळत नाही.

दुसरं म्हणजे, ‘फोर्ज्ड’ हे एकाच वस्तूचं नाव असल्यासारखं बोललं जातं. बाजारात मिळणाऱ्या घडीव पिस्टनांत दोन मिश्रधातू मुख्य: ४०३२ आणि २६१८. पहिल्यात सुमारे बारा टक्के सिलिकॉन असतं, दुसऱ्यात जवळजवळ नसतंच. सिलिकॉन नाही म्हणून २६१८ चिवट असतो, मार खाऊन वाकतो पण फुटत नाही; आणि सिलिकॉन नाही म्हणूनच तापल्यावर तो ४०३२ पेक्षा साधारण पंधरा टक्के जास्त फुगतो. फुगायला जागा हवी, म्हणून बोअरमध्ये तो ढिला बसवावा लागतो. ओतीव पिस्टनला तीन-चार शतांश मिलिमीटर पुरतात, तिथे याला आठ ते दहा लागतात. डिसेंबरात सकाळी पारा दहा-बारावर असताना अशी गाडी चालू करून पाहा. गरम होईपर्यंत पिस्टन बोअरमध्ये डुगडुगतो, खटखट आवाज करतो, आणि त्या वेळात रिंगा तिरक्या बसून तेल वर ओढतात. शर्यतीच्या गाडीला हे चालतं. तिचं इंजिन दर मोसमात उघडतातच. ज्याची गाडी रोज सिडकोतून शहागंजात जाते आणि तेल नीट तापायच्या आत उभी राहते, त्याच्या गळ्यात २६१८ मारणं हा मला तरी गुन्हा वाटतो. त्याला अर्धा बार बूस्ट हवा असेल तर चांगल्या कंपनीचा ओतीव पिस्टन, शक्यतो जास्त सिलिकॉनचा, पुरेसा आहे. त्याच्या वर जायचं तर ४०३२. आणि २६१८ घ्यायचाच असेल तर तो ट्रॅकवर जाणाऱ्याने, आवाज आणि तेलाचा खर्च आधीच मान्य करून.

ओतीव म्हणजे देशी आणि देशी म्हणजे हलका, अशी एक समजूत या सल्ल्याच्या पोटात लपलेली आहे. पिस्टन आणि बेअरिंग या दोन्ही वस्तू बनवण्यात हा देश नवखा नाही. कोल्हापुरात मेनन पिस्टन्स आहे, मेनन बेअरिंग्ज आहे. चेन्नईची इंडिया पिस्टन्स आहे, गाझियाबादची श्रीराम पिस्टन्स आहे, बायमेटल बेअरिंग्ज आहे. देशभरचे ट्रक आणि ट्रॅक्टर त्यांच्या मालावर चालतात, आणि भरल्या ट्रॉलीनिशी उसाच्या शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरइतका भार हौसेच्या गाडीला क्वचितच येतो. भीती बाळगायची ती नकली डब्याची, आणि नकली डबा विलायती नावाचाही मिळतो.

आता रिंगांकडे येतो, कारण माझ्या मते ओतीव पिस्टनची निम्मी बदनामी इथे झाली आहे. पंचाहत्तर मिलिमीटरच्या बोअरला, टर्बो नसताना, वरच्या रिंगेच्या दोन टोकांत साधारण ०.३० मिलिमीटर फट ठेवतात. टर्बो बसला की रिंग जास्त तापते, लांबते, तिथे ०.४० च्या पुढे जावं लागतं. गॅरेजात काय होतं? डब्यातून रिंग काढतात, पिस्टनवर चढवतात, इंजिन बांधून मोकळे होतात. पहिल्याच मोठ्या चढाला रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये जाम होते आणि वर जाता जाता पट्टी उपटून नेते. खोलल्यावर दिसतो तो तुटलेला ओतीव पिस्टन. मारेकरी फट होती, हे पाहायला फिलर गेज कुणी हातात घेत नाही. वास्तविक काम अर्ध्या दिवसाचं आहे. रिंग बोअरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून ती एकसारखी खाली ढकलायची, गेज घालायचा. फट कमी असेल तर एकाच टोकाला फाईल मारायची, बाहेरून आतल्या दिशेनं, नाहीतर तोंडावरचा थर उडतो. मग कड मऊ करायची आणि पुन्हा मोजायचं. प्रत्येक सिलिंडरची रिंग त्याच सिलिंडरला. दुसऱ्या रिंगेची फट पहिलीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे मध्ये अडकलेला वायू वरच्या रिंगेला उचलत नाही. फोर्ज्डच्या डब्यात हे सगळं सांगणारा कागद येतो, म्हणून फोर्ज्डवाल्यांच्या रिंगा निदान कधीकधी मोजल्या जातात. त्या पिस्टनच्या यशात त्या कागदाचा वाटा किती, हे कुणी तपासलेलं नाही.

बेअरिंगच्या बाबतीत मात्र गैरसमज जास्त खोल आहे.

एक ढोबळ हिशोब मांडतो. पंचाहत्तर मिलिमीटर बोअरच्या पिस्टनवर, टर्बो नसताना, स्फोटाचा कमाल दाब साठ बार धरला तर जोर भरतो साधारण पावणेतीन टन. मध्यम बूस्टमध्ये दाब पंचाऐंशी बारपर्यंत गेला, तर तोच जोर पावणेचार टनांच्या पुढे. हा जोर रॉडच्या वरच्या शेलवर आणि मेन बेअरिंगच्या खालच्या शेलवर पडतो. आता दुसरा जोर: पिस्टन वर जाऊन थांबतो आणि खाली ओढला जातो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या वजनानं पडणारा. पिस्टन, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून सहाशे ग्रॅम धरले, तर साडेसहा हजार आरपीएमला तो दीड टनाच्या आसपास येतो आणि रॉडच्या खालच्या शेलवर, बोल्टांवर पडतो. टर्बो लावल्यानं हा दुसरा जोर रतीभरही वाढत नाही. तो वाढतो आरपीएमच्या वर्गानं. साडेसात हजारांवर दोन टन ओलांडतो. म्हणून टर्बोची गाडी साडेसहा हजारांवरच थांबवायची असेल, तर रेसिंगच्या बोल्टांची आणि खालच्या शेलची चिंता करण्यात अर्थ नाही. वरच्या शेलची करा.

मध्यंतरी ओळखीच्या एका गॅरेजात असं एक इंजिन उघडलेलं पाहिलं. वर्तमानपत्रावर आठ शेल मांडून ठेवले होते. वरच्या चारांच्या मधोमध राखाडी थर पुसून गेला होता आणि तांबं उघडं पडलं होतं. खालचे चार जवळजवळ नव्यासारखे. त्यांतल्या दोघांवर बारीक उभ्या रेघा, नखाला लागतील अशा. ‘बेअरिंग हलकं निघालं, दादा,’ असं मालक सांगत होता. खरं तर शेलांनी सगळी हकिगत लिहून दिली होती. वरचे उडाले म्हणजे स्फोटाचा भार किंवा नॉक. आरपीएमनं मेले असते तर खालचे आधी गेले असते. आणि रेघा म्हणजे कचरा: क्रँक ग्राइंडिंगची किंवा होनिंगची पूड, जी तेलाच्या भोकांतून साफ केली नव्हती. मी विचारलं, क्रँकच्या तेलवाटेचे प्लग काढून आतून ब्रश मारला होता का? ‘हवा मारली होती,’ म्हणाला.

इथे ट्राय-मेटलचा मोह तपासून पाहायला हवा. पोलादी पाठ, तिच्यावर तांबं-शिशाचा थर, त्यावर निकेलची पातळ आड आणि सगळ्यात वर मऊ पडदा, अशी त्याची रचना. तांब्याच्या थराची थकवा सोसण्याची ताकद मोठी, म्हणून जड डिझेलमध्ये आणि शर्यतीत ते वापरतात. पण वरचा मऊ पडदा असतो जेमतेम बारा ते पंचवीस मायक्रॉनचा. त्याहून जाड कण आला तर पडद्यात बुडून बसायला जागाच नसते. तो तांब्यावर टेकतो आणि क्रँकला ओरखडतो. अॅल्युमिनियमच्या बाय-मेटल शेलमध्ये अस्तर याच्या दहापट जाड असतं. ते कण गिळतं, क्रँक किंचित वाकडा असेल तर त्याच्याशी जुळवून घेतं. शिवाय छोट्या गाड्यांचे क्रँक बहुधा ओतीव असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म काटे सिलिकॉनयुक्त अॅल्युमिनियमचं अस्तर घासून गुळगुळीत करतं, मऊ पडदा मात्र त्यावर स्वतःच झिजतो. मराठवाड्याची मे महिन्यातली धूळ, दोनशे रुपयांचा शंकू फिल्टर आणि हवा मारून साफ केलेला ब्लॉक, एवढं सगळं एकत्र असताना सगळ्यात नाजूक पडद्याचं बेअरिंग घ्यायचं आणि त्याला मजबूत म्हणायचं! ट्राय-मेटल घ्यावं, पण क्रँक पॉलिश केलेला, मोजलेला आणि धुतलेला असेल तेव्हा. त्यातही भार पेलणाऱ्या अर्ध्या शेलला एक धातू आणि दुसऱ्याला दुसरा, असं मोठ्या कंपन्या स्वतः करतात. टर्बो डिझेलच्या रॉडमध्ये वरचा शेल खास कठीण थराचा आणि खालचा साधा, ही नेहमीची गोष्ट आहे.

‘क्लिअरन्स ढिला ठेवू’ या वाक्याला तर मी सगळ्यात जास्त घाबरतो. पंचेचाळीस मिलिमीटरच्या जर्नलला साधारण पंचेचाळीस मायक्रॉन फट, हा जुना आणि चांगला ठोकताळा. ती पंचाहत्तर केली तर काय होतं? बेअरिंगच्या कडेनं निसटणारं तेल फटीच्या घनानं वाढतं: साडेचार पटीच्या वर. तेवढं तेल पुरवायला पंप तोच. म्हणजे प्रेशर पडतं, शेवटच्या बेअरिंगला उपास घडतो, आणि गरम इंजिन आयडलला असताना काटा तळाला टेकतो. मग त्यावर उपाय म्हणून २०डब्ल्यू-५० ओततात आणि थंड सकाळी तेच तेल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. टर्बोला तेल जास्त लागतं हेही अर्धवटच आहे. त्याला तेल बेताचंच लागतं, बेअरिंगच्या जातीनुसार फीड लाइनमध्ये रिस्ट्रिक्टर घालावा लागतो, आणि परतीची नळी जाड, सरळ उताराची, संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर सोडावी लागते. ती नळी वाकडी बसवली की सील गळतात आणि दोष टर्बोवर येतो.

कॉम्प्रेशन आठावर आणण्याबद्दल थोडक्यात. जाड हेडगॅस्केट घालून ते उतरवलं, तर पिस्टन आणि हेडच्या कडेतली अरुंद जागा रुंदावते, मिश्रण घुसळणं मंदावतं आणि नॉक उलट जवळ येतो. शिवाय बूस्ट येईपर्यंत गाडी मरगळलेली, म्हणून मालक बूस्ट वाढवायला सांगतो. साडेनऊ-दहाच्या इंजिनाला नऊच्या घरात आणणं समजू शकतो. आठ हा आकडा कार्ब्युरेटरच्या जमान्यातून आलेला आहे.

या सगळ्या आकड्यांचा अर्थ मोजण्यावर येऊन थांबतो, आणि या शहराचं मला नवल वाटतं ते इथेच. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची अख्खी वसाहत उभी राहिली. मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. गॅरेजवाल्याचा भाऊ नाहीतर मेहुणा तिकडे क्वालिटीत असतो, दिवसभर एअर गेज लावून भोकं तपासतो. आणि इकडे लाखाचा पिस्टन अंगठ्यानं ढकलून ‘बरोबर जातो’ म्हणतात. उन्हाळ्यात तर मोजणारेही फसतात. चाळीस अंशांच्या शेडमध्ये, उन्हात राहिलेला पिस्टन घेऊन मायक्रोमीटर लावला, तर वीस अंशांच्या मापापेक्षा तो तीस मायक्रॉननं मोठा भरतो. लोखंडी बोअर तेवढ्याच तापमानाला साधारण निम्माच फुगतो. ठेवायची फटच चाळीस मायक्रॉनची असताना ही चूक केवढी? पिस्टन, ब्लॉक आणि माप रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजा, एवढंच करायचं असतं. त्याला अमेरिकेतून काही मागवावं लागत नाही.

जाता जाता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. फोर्ज्डचा आग्रह धरणारे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ट्रॅकपुरती गाडी बांधणाऱ्याचा प्रश्न वेगळा.

समोरच्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा मी शेवटी ठेवला आहे. ते म्हणतात, आमच्याकडे ट्यूनिंग काटेकोर होत नाही, पेट्रोलचा भरवसा नाही, मालक ऐकत नाही. अशा वेळी घडीव पिस्टन चूक पोटात घालतो. मुद्दा प्रामाणिक आहे, पण हिशोब चुकतो. तेवढ्याच पैशात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, नॉक ऐकणारा इसीयू, बूस्ट हद्दीबाहेर गेला की तोडणारी सोय आणि ऑइल कूलर बसतो, आणि यातली प्रत्येक गोष्ट पिस्टनसह बेअरिंग, हेडगॅस्केट आणि रॉडही वाचवते. पिस्टन चूक पोटात घालतो तो एकदा-दोनदा. कन्नडच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीस अंशांत, सतत भाराखाली तो किती वेळा घालणार? आणि समृद्धी महामार्गानं तर नवीच परीक्षा आणून ठेवली आहे. तिथली १२० ची मर्यादा पाळूनही सावंगीला चढलेली गाडी तासभर एकाच भारात धावते, शहरात कधी न तापलेलं तेल तिथे तापतं, आणि पातळ झालेल्या तेलात पंचेचाळीस मायक्रॉनची फटही मोठी वाटायला लागते. टर्बोचा बेत करणाऱ्यानं इंजिन खोलण्याआधी, गाडी आहे तशी असताना, तेलाच्या तापमानाचा काटा बसवून मे महिन्यात दुपारी एकदा वैजापूरच्या पुढे जाऊन यावं. टर्बोशिवायच तो काटा १२० अंशांच्या वर जात असेल, तर पिस्टनचा कॅटलॉग इतक्यात उघडायचं कारण नाही.